सीआयसीएसचे डेटा कलेक्टर: ‘ऑन’ दिसतंय, मग रिपोर्ट रिकामा का?

मेनफ्रेम सपोर्टमध्ये नव्याने आलेल्या माणसाकडे पहिल्या-दुसऱ्या महिन्यात एक तिकीट हमखास येतं: काल दुपारी अमुक ट्रान्झॅक्शनला फार वेळ लागत होता, आकडे काढून द्या. तो रीजनमध्ये (सीआयसीएसच्या एका चालू प्रतीत) शिरतो, मॉनिटरिंग ‘ऑन’ दिसतं, जिवात जीव येतो. रिपोर्टचा जॉब लावतो. जॉब झीरो रिटर्न कोडने संपतो आणि हेडिंगखाली एकही ओळ नसते.

कलेक्टर (हे आकडे गोळा करणारा भाग) चालू असणं आणि डेटा हाती लागणं यांच्यामध्ये तीन-चार दारं आहेत, आणि त्यातलं कुठलंही एक बंद असू शकतं. ती दारं एकेक करून कशी तपासायची, कलेक्टर कसा चालू-बंद करायचा आणि तसं करताना काय गमावतं, एवढंच इथे सांगायचं आहे. उदाहरण घेतलंय आयबीएमच्या सीआयसीएसचं. १९६९ मध्ये बाजारात आलेली ही ट्रान्झॅक्शन सिस्टिम आजही झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जगभरच्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे व्यवहार उरकते, आणि पुण्या-मुंबईत बसून त्यातले कितीतरी रीजन सांभाळणारी आपली मंडळी आहेत. पुढच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी ओळख: कोण काय गोळा करतं

सीआयसीएसच्या पोटातच दोन कलेक्टर आहेत आणि नवीन लोक त्यांची सतत गल्लत करतात.

पहिला मॉनिटरिंग फॅसिलिटी. हा प्रत्येक टास्कचा (ट्रान्झॅक्शनच्या एकेका फेरीचा) हिशेब ठेवतो: कधी सुरू झाला, कधी संपला, सीपीयू किती घेतला, फाइलसाठी किती थांबला, दुसऱ्या रीजनच्या उत्तरासाठी किती. दुसरा स्टॅटिस्टिक्स. याला एकेका टास्कशी देणंघेणं नाही. अमुक फाइलवर इतके रीड झाले, अमुक प्रोग्रॅम इतक्या वेळा वापरला गेला, एका वेळी जास्तीत जास्त इतके टास्क होते, अशी एकूण बेरीज तो ठरलेल्या वेळी लिहून टाकतो. दुकानदाराच्या भाषेत, पहिला म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाची पावती आणि दुसरा म्हणजे गल्ल्याचा हिशेब. ‘काल दोन वाजून दहा मिनिटांनी ते ट्रान्झॅक्शन का अडकलं’ याचं उत्तर गल्ल्याच्या हिशेबात मिळत नाही.

मॉनिटरिंगचे पुन्हा चार वर्ग आहेत. परफॉर्मन्स क्लासचा रेकॉर्ड टास्क संपल्यावर तयार होतो. रोजच्या कामात नव्वद टक्के वेळा आपण यालाच शोधत असतो. एक्सेप्शन क्लास फक्त अडचण आली तरच लिहितो, म्हणजे टास्कला स्टोरेज मिळेना, व्हीसॅम फाइलचा स्ट्रिंग (एका वेळी चालणाऱ्या विनंतीची जागा) किंवा बफर मोकळा नाही, टेम्पररी स्टोरेजसाठी थांबावं लागलं, असं काही झालं तर. ट्रान्झॅक्शन रिसोर्स क्लास एका टास्कने कुठल्या फाइलवर आणि कुठल्या टेम्पररी स्टोरेज क्यूवर किती वेळ घालवला ते सुटं सुटं देतो. आयडेंटिटी क्लास व्यवहार करणाऱ्याची मूळ ओळख टिपतो. त्याची गरज पडली तर तुम्हाला कोणीतरी सांगेलच.

दोन्ही कलेक्टर आपला माल एकाच ठिकाणी टाकतात: झेड/ओएसच्या एसएमएफमध्ये (आख्ख्या सिस्टिमच्या नोंदी जमवणाऱ्या यंत्रणेत), टाइप ११० या रेकॉर्डखाली. सबटाइप १ मॉनिटरिंगचा, सबटाइप २ स्टॅटिस्टिक्सचा. हे दोन आकडे पाठच करा.

ट्रेस हा तिसरा प्रकार, पण तो आपल्या विषयात नाही. तो प्रोग्रॅमच्या आत काय घडलं ते पाहण्यासाठी असतो, त्याचा ताबा सीईटीआर ट्रान्झॅक्शनकडे असतो, आणि परफॉर्मन्सचे आकडे काढायला कोणी ट्रेस लावायला सांगितला तर आधी ‘का?’ असं विचारा.

पायरी १: बघा, पण हात लावू नका

सीआयसीएसच्या रिकाम्या स्क्रीनवर ‘सीईएमटी इन्क्वायर मॉनिटर’ टाइप करून एंटर दाबा. सीईएमटी हे रीजनची सेटिंग बघायचं आणि बदलायचं ट्रान्झॅक्शन. थोडक्यात ‘सीईएमटी आय मॉन’ चालतं. रीजनमध्ये लॉगऑन नसेल तर सिस्टिम कन्सोलवरून मॉडिफाय कमांडनेही विचारता येतं: ‘एफ’, मग रीजनच्या जॉबचं नाव, स्वल्पविराम, आणि पुढे हीच कमांड.

स्क्रीन आली की डावीकडे वर न बघता सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यात खाली बघा. तिथे सिसआयडी आणि ॲप्लआयडी, म्हणजे रीजनची ओळखीची नावं, लिहिलेली असतात. एकाच वेळी चार सेशन उघडी असताना टेस्ट समजून प्रॉडक्शनमध्ये बोट घालणारे कमी नाहीत. ॲप्लआयडी जुळला की मगच वर या.

आता वरची ओळ वाचा: ‘स्टेटस: रिझल्ट्स - ओव्हरटाइप टू मॉडिफाय’. पहिल्या दिवशी कोणीच ही ओळ गांभीर्याने घेत नाही, पण ती शब्दशः खरी आहे. इन्क्वायरची स्क्रीन हीच सेट करायची स्क्रीन आहे. टॅबने ‘ऑन’वर गेलात, त्यावर चुकून ‘ऑफ’ उमटलं आणि एंटर दाबला, की प्रॉडक्शनचं मॉनिटरिंग बंद. ‘खरंच करू का?’ असं विचारायची सीआयसीएसला सवय नाही. म्हणून बघून झालं की एंटर नाही, पीएफ३ दाबा.

या स्क्रीनवर दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या. एक, मुख्य स्टेटस: ऑन की ऑफ. दोन, प्रत्येक वर्गाचा आपापला स्विच: ‘पर्फ’ की ‘नोपर्फ’, ‘एक्सेप्ट’ की ‘नोएक्सेप्ट’, ‘रिसर्स’ की ‘नोरिसर्स’. मुख्य स्विच ऑफ असेल तर वर्गाचे स्विच कितीही चालू दिसोत, लिहिलं काहीच जात नाही. उलट मुख्य स्विच ऑन आणि परफॉर्मन्स बंद, हीसुद्धा नेहमी सापडणारी जोडी, आणि सुरुवातीला सांगितलेल्या रिकाम्या रिपोर्टचं हे पहिलं संभाव्य कारण. सिस्टिम इनिशिएलायझेशन टेबलमध्ये, म्हणजे सिटमध्ये, कोणी काही लिहिलंच नसेल तर मॉनिटरिंग बंद असतं आणि वर्गही बंद असतात. आपोआप चालू असेल असं गृहीत धरू नका.

तसंच ‘सीईएमटी आय स्टॅट’ करून स्टॅटिस्टिक्स बघा. रेकॉर्डिंग चालू आहे का, इंटरव्हल किती, पुढचं लिखाण किती वाजता आणि एंड-ऑफ-डे कधी, एवढं तिथे दिसतं.

जिथे टर्मिनलचा रीजन, ॲप्लिकेशनचा रीजन आणि फाइलचा रीजन वेगळे आहेत, तिथे हे प्रत्येक रीजनमध्ये बघावं लागतं. कलेक्टर रीजननिहाय असतो. एक व्यवहार तीन रीजनमधून गेला तर त्याचे तीन रेकॉर्ड होतात, आणि फक्त एकाच ठिकाणी मॉनिटरिंग चालू असेल तर ‘इंटर-रीजनसाठी थांबला’ एवढंच कळतं, का थांबला ते कळत नाही.

पायरी २: एसएमएफ हे रेकॉर्ड घेतंय का

सीआयसीएसने रेकॉर्ड दिला म्हणून एसएमएफने तो घेतलाच पाहिजे असं नाही. कन्सोलवर (किंवा जॉब आणि सिस्टिम बघायच्या एसडीएसएफ या साधनातून, परवानगी असेल तर) ‘डी एसएमएफ,ओ’ द्या. एसएमएफचे सध्या लागू असलेले सगळे पर्याय उलगडतात. त्यात टाइपची यादी शोधा आणि ११० आत आहे का ते बघा. यादी कधी ‘एवढेच घ्या’ अशी असते, कधी ‘एवढे सोडून बाकी घ्या’ अशी. घाईत वाचलं तर नेमका उलटा अर्थ लागतो.

आणखी एक खाच आहे. ‘सिस’ या सर्वसाधारण यादीशिवाय ‘सबसिस’ नावाची वेगळी यादी असू शकते, आणि ज्या सबसिस्टिमसाठी ती दिलेली आहे तिथे तिचंच चालतं. तुमचा रीजन स्टार्टेड टास्क म्हणून (कन्सोलच्या कमांडने सुरू होऊन) चालत असेल तर ‘सबसिस’मध्ये एसटीसी या नावाखाली काय लिहिलंय ते वाचा; बॅच जॉब म्हणून सोडला असेल तर जेईएस२ या जॉब सांभाळणाऱ्या सबसिस्टिमखाली. वरच्या यादीत ११० आहे आणि एसटीसीच्या यादीत नाही, असं असेल तर सीआयसीएसच्या बाजूने सगळं हिरवं दिसेल आणि डेटा शून्य.

याच्याही पुढे आयईएफयू८३, ८४, ८५ हे एसएमएफचे एक्झिट (रेकॉर्ड लिहिण्याआधी मध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम) असतात. तिथे कोणीतरी दहा वर्षांपूर्वी ‘हे रेकॉर्ड नकोत’ असं लिहून ठेवलेलं असू शकतं. रेकॉर्डचा पूर आला तर टाइपनुसार टाकून देण्याचं धोरणही एसएमएफच्या पार्मलिबमध्ये (सेटिंगच्या लायब्ररीत) ठरवता येतं. या दोन्ही गोष्टी सिस्टिम प्रोग्रॅमरच्या हातातल्या. नवख्याने फक्त विचारायचं.

एसएमएफ जुन्या पद्धतीने मॅन डेटासेटमध्ये लिहितंय की लॉगस्ट्रीममध्ये, हेही इथेच कळतं. मॅन डेटासेट असतील तर साधा ‘डी एसएमएफ’ देऊन कुठला ॲक्टिव्ह आहे आणि किती टक्के भरलाय ते बघा. एक भरला की एसएमएफ दुसऱ्यावर जातं आणि आयईई३६२ए मेसेज टाकून पहिल्याचा डंप घ्यायला, म्हणजे त्यातले रेकॉर्ड बाहेर काढून घ्यायला, सांगतं. हा डंप बहुतेक ठिकाणी ऑटोमेशन घेतं. ते अडलं आणि सगळे डेटासेट भरले, की एसएमएफ आधी मेमरीत साठवत राहतं, आणि तीही संपली की आयईई९७९डब्ल्यू येतो: डेटा गेला. सीईएमटीमध्ये त्या वेळीही मॉनिटरिंग ‘ऑन’च दिसत असतं.

पायरी ३: खरंच लिहिलं जातंय का

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारीही हीच.

सीआयसीएस स्वतःच्या मॉनिटरिंगचाही हिशेब ठेवतं. स्टॅटिस्टिक्समध्ये मॉनिटरिंग डोमेनचा भाग असतो आणि त्यात परफॉर्मन्स रेकॉर्ड किती झाले, किती दाबले गेले, एक्सेप्शन किती, एसएमएफला किती रेकॉर्ड दिले आणि एसएमएफ एरर किती, असे आकडे असतात. स्टॅट हे नमुना ट्रान्झॅक्शन तुमच्याकडे बसवलेलं असेल तर त्यातून हा भाग छापून घ्या, नाहीतर डीएफएचएसटीयूपी या युटिलिटीच्या रिपोर्टमध्ये शोधा.

एसएमएफ एररचा आकडा शून्य हवा. एसएमएफने रेकॉर्ड घ्यायला नकार दिला, उदाहरणार्थ एसएमएफ चालूच नसेल, तर तो वाढतो. ‘दाबले गेले’ हा आकडा वाढत असेल तर एक्सएमएनआउट नावाचा एक्झिट कोणीतरी लावलाय आणि तो रेकॉर्ड गाळतोय. आणि परफॉर्मन्स रेकॉर्डचा आकडा त्या काळात संपलेल्या टास्कच्या जवळपास आहे का, हे ट्रान्झॅक्शनच्या स्टॅटिस्टिक्सशी ताडून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अंदाजपंचे दाहोदरसे करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आता बफरची गंमत. परफॉर्मन्स रेकॉर्ड तयार झाला की लगेच एसएमएफला जात नाही. सीआयसीएस असे बरेच रेकॉर्ड एका बफरमध्ये भरतं आणि बफर भरला की एकदम देतं. प्रॉडक्शनमध्ये सेकंदाला शेकडो टास्क संपतात तिथे हे जाणवत नाही. पण टेस्ट रीजनमध्ये तुम्ही पाच-सात ट्रान्झॅक्शन चालवता, लगेच एसएमएफचा डंप घेता आणि रेकॉर्ड नाहीत म्हणून डोकं खाजवत बसता. ते बफरमध्येच पडून असतात. परफॉर्मन्स क्लास बंद केला किंवा रीजन व्यवस्थित शटडाउन केला की बफर रिकामा होतो. म्हणून टेस्टमध्ये ‘सीईएमटी सेट मॉनिटर नोपर्फ’ करून पुन्हा ‘पर्फ’ करा आणि मग डंप घ्या. इमिजिएट शटडाउन केलात तर मात्र बफरमधलं सोडून द्या. एक्सेप्शन रेकॉर्डला ही वाट बघावी लागत नाही, अडचण संपताच ते थेट जातात.

डंप घेताना मॅन डेटासेटसाठी आयएफएएसएमएफडीपी आणि लॉगस्ट्रीमसाठी आयएफएएसएमएफडीएल वापरतात. इथे एक इशारा मोठ्या अक्षरात द्यायला हवा. आयएफएएसएमएफडीपीच्या इनडीडी ओळीत ‘ऑप्शन्स’ नावाचा पर्याय आहे. त्यात ‘डंप’ लिहिलंत तर फक्त प्रत निघते. ‘ऑल’ लिहिलंत तर प्रत काढून मूळ डेटासेट पुसला जातो. म्हणजे तुमच्या वैयक्तिक डेटासेटमध्ये आख्ख्या सिस्टिमचा एसएमएफ डेटा येतो आणि बिलिंगच्या लोकांना त्या तासाचं काहीच मिळत नाही. कुठूनतरी जेसीएल (जॉबच्या सूचना) कॉपी करून आणलं असेल तर ही ओळ आधी वाचा आणि ‘डंप’ हा शब्द स्वतः लिहा. लॉगस्ट्रीमच्या युटिलिटीत ‘आर्काइव्ह’ आणि ‘डिलीट’ हे तसेच धोकादायक.

जॉब संपला की शेवटी समरी ॲक्टिव्हिटी रिपोर्ट छापलेला असतो. प्रत्येक टाइपसमोर किती रेकॉर्ड वाचले, किती लिहिले, त्यांची सरासरी लांबी किती. ११० ची ओळ शोधा. वाचलेले आहेत आणि लिहिलेले शून्य असतील तर तुमची निवड चुकली; वाचलेलेच शून्य असतील तर मागच्या पायरीवर परत जा. नुसते मॉनिटरिंगचे हवे असतील तर टाइपमध्ये ११० च्या पुढे कंसात १ देता येतो.

यानंतर वाचन. आयबीएम डीएफएच-डॉलर-मोल्स नावाचा नमुना प्रोग्रॅम देतं, तो परफॉर्मन्स रेकॉर्ड छापतो. इथे नवख्याला शेवटची ठेच लागते ती डिक्शनरी रेकॉर्डची. परफॉर्मन्स रेकॉर्डमध्ये नुसती मूल्यं असतात. कुठलं फील्ड कुठे आणि किती लांब हे डिक्शनरी रेकॉर्डमध्ये असतं, आणि ती फक्त परफॉर्मन्स क्लास चालू होतो तेव्हा लिहिली जाते. रीजन रविवारी उठला आणि तुम्ही गुरुवारच्या दुपारचा डंप घेतला, तर डिक्शनरी रविवारच्या फाइलमध्ये पडलेली असते. अशा वेळी डीएफएचएमएनडीयूपी या युटिलिटीने नवी डिक्शनरी तयार करून डेटाच्या आधी जोडायची. कलेक्टर बंद करून चालू करायची काही गरज नसते.

पायरी ४: स्टॅटिस्टिक्सचं वेळापत्रक

स्टॅटिस्टिक्सचा मूळ इंटरव्हल तीन तासांचा आहे. तीन तासांची एक बेरीज म्हणजे दुपारच्या पंधरा मिनिटांचा घोळ त्यात पार विरघळून जातो. मी प्रॉडक्शनमध्ये पंधरा मिनिटं किंवा फार तर अर्धा तास ठेवतो, कारण आरएमएफ या झेड/ओएसच्या परफॉर्मन्स मोजणाऱ्या साधनाचं मध्यांतरही बहुतेक ठिकाणी पंधरा मिनिटांचं असतं आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचता येतात. बदलायला ‘सीईएमटी सेट स्टॅट इंटरव्हल’ आणि कंसात तास-मिनिट-सेकंद: पंधरा मिनिटांसाठी ००१५००. इंटरव्हलची गणना एंड-ऑफ-डेच्या वेळेला धरून होते, त्यामुळे रीजन १०:०७ ला उठला तरी पहिलं लिखाण १०:१५ ला होतं.

प्रत्येक इंटरव्हल लिहून झाला की बरेचसे आकडे शून्यावर येतात. तुम्ही अधेमध्ये ‘सीईएमटी परफॉर्म स्टॅटिस्टिक्स रेकॉर्ड ऑल’ केलंत तर त्या क्षणाची नोंद होते पण आकडे रीसेट होत नाहीत. म्हणून हा प्रकार बिनधोक. ‘रीसेटनाउ’ मात्र सांभाळून. त्याने चालू इंटरव्हलचे दोन तुकडे होतात आणि महिन्याचा कपॅसिटी रिपोर्ट बनवणारा माणूस तुम्हाला शोधत येतो.

रेकॉर्डिंग बंद केलं तरी एंड-ऑफ-डे, मागवलेली आणि ‘अनसॉलिसिटेड’ म्हणजे न मागता येणारी स्टॅटिस्टिक्स लिहिली जातातच. थांबतात त्या फक्त इंटरव्हलच्या नोंदी. अनसॉलिसिटेड प्रकाराकडे लक्ष द्या. संध्याकाळी बॅचसाठी व्हीसॅम फाइल बंद केली, की सीआयसीएस त्या फाइलचे तोवरचे आकडे त्याच क्षणी अनसॉलिसिटेड म्हणून लिहून मोकळं होतं. फाइलचा दिवसभराचा आकडा काढताना इंटरव्हलच्या नोंदींत या नोंदी मिळवाव्या लागतात, नाहीतर बॅचच्या आधीचा शेवटचा तुकडा गायब होतो आणि रीडची संख्या उगाच कमी भरते.

पायरी ५: चालू-बंद करणं आणि त्याची किंमत

कमांड सोप्या आहेत: ‘सीईएमटी सेट मॉनिटर ऑन’, ‘ऑफ’, ‘पर्फ’, ‘नोपर्फ’, ‘एक्सेप्ट’, वगैरे. काय होतं ते समजून घ्या.

चालू केल्यावर हिशेब त्यानंतर सुरू होणाऱ्या टास्कचा लागतो. आधीपासून अडकून बसलेल्या टास्कचा पत्ता लागावा म्हणून त्याच क्षणी मॉनिटरिंग चालू करण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी ‘सीईएमटी आय टास्क’ आहे. बंद केल्यावर चालू टास्कचा तोवर जमवलेला हिशेब टाकून दिला जातो. म्हणजे समस्या चालू असताना ‘जरा ऑफ-ऑन करून बघू’ हा उपाय पुरावाच नष्ट करतो. वर सांगितलेली नोपर्फ-पर्फची युक्ती म्हणूनच टेस्टपुरती.

तासन्‌तास चालणाऱ्या टास्कचा रेकॉर्ड तो संपेपर्यंत येत नाही. अशा टास्कसाठी फ्रीक्वेन्सीचा पर्याय आहे, तो ठरावीक वेळाने मधला रेकॉर्ड लिहायला लावतो. काही टास्क टर्मिनलवर माणसाची वाट बघत लटकून राहतात, त्यांच्यासाठी ‘कॉन्व्हर्स’. प्रत्येक सिंकपॉइंटला (केलेले बदल पक्के होतात त्या टप्प्याला) वेगळा रेकॉर्ड हवा असेल तर ‘सिंकपॉइंट’. तिन्हींमुळे एका टास्कचे अनेक रेकॉर्ड होतात, म्हणून रेकॉर्ड मोजून ट्रान्झॅक्शनची संख्या सांगणारा जुना रिपोर्ट फुगतो. चालू करण्याआधी तो रिपोर्ट कोण वाचतं ते विचारा.

आणि एक गैरसमज. सेट केलेलं रीस्टार्टला आपोआप पुसलं जातं, असं बरेच जण धरून चालतात. कोल्ड स्टार्टला (मागचं काही न उचलता केलेल्या सुरुवातीला) सिटमधलं लागू होतं हे खरं. पण मॉनिटरिंगचं स्टेटस आणि स्टॅटिस्टिक्सची सेटिंग सीआयसीएस ग्लोबल कॅटलॉगमध्ये टिपून ठेवतं, आणि वॉर्म किंवा इमर्जन्सी स्टार्टला तिथून परत आणतं. सुरुवातीच्या ओव्हरराइडमध्ये (रीजन उठवताना वरून दिलेल्या सेटिंगमध्ये) काही दिलं असेल तर ते वरचढ. त्यामुळे शुक्रवारी रात्री कोणीतरी बंद केलेलं मॉनिटरिंग सोमवारी वॉर्म स्टार्टनंतरही बंदच असू शकतं, आणि सिट उघडून बघणाऱ्याला ते चालू दिसतं. कायमस्वरूपी बदल हवा असेल तर सिट आणि ओव्हरराइड दोन्ही ठिकाणी बघा.

पायरी ६: डेटा फार होतोय अशी ओरड

ती होणारच. समजा सेकंदाला ५०० ट्रान्झॅक्शन आणि एक रेकॉर्ड ३ केबीचा. तासाला साधारण ५.४ जीबी होतात. स्टोरेजवाल्यांचा फोन येतो आणि घाबरून कोणीतरी परफॉर्मन्स क्लासच बंद करतं. हा निर्णय मला कधीच पटलेला नाही. ज्या दिवशी गडबड होते त्या दिवशी तुलनेला चांगल्या दिवसाचे आकडे लागतात, आणि ते मागाहून गोळा करता येत नाहीत.

आधी कॉम्प्रेशन बघा. सीआयसीएसमध्ये ते मुळात चालूच असतं. कोणी जुन्या रिपोर्टसाठी बंद करून ठेवलं असेल तर तो रिपोर्ट सुधारा. घरगुती कोबोल प्रोग्रॅमला कॉम्प्रेस केलेले रेकॉर्ड वाचता येत नसतील तर डीएफएच-डॉलर-मोल्सला ‘एक्स्पांड’ देऊन उलगडलेली फाइल त्याला द्या.

मग नको असलेली फील्ड काढा. हे मॉनिटरिंग कंट्रोल टेबलमध्ये, एमसीटीत, होतं: ‘एक्सक्लूड’ लिहून गटच्या गट वगळता येतात. तुमच्या रीजनमध्ये वेब किंवा सॉकेटचं काम होतच नसेल तर ती फील्ड कशाला वाहायची? पण एमसीटी नव्याने असेंबल करावा लागतो, रीजन रीस्टार्ट लागतो आणि डिक्शनरी बदलते, म्हणजे मागची-पुढची फाइल एकत्र वाचताना काळजी घ्यावी लागते.

ट्रान्झॅक्शन रिसोर्स क्लास मी तपासापुरता चालू करतो आणि काम झालं की बंद करतो. एक्सेप्शन क्लास कायम चालू; निरोगी रीजनमध्ये त्याचे रेकॉर्ड मूठभर असतात, आणि ते अचानक वाढले तर तीच बातमी असते.

ओमेगामॉन, मेनव्ह्यू यांसारख्या बाहेरच्या मॉनिटरचे आपापले कलेक्टर असतात. ताज्या परिस्थितीसाठी ते उत्तम. त्यांचा आकडा आणि ११० चा आकडा किंचित वेगळा निघाला तर घाबरू नका, पण एकाच रिपोर्टमध्ये दोन्हींची सरमिसळ करू नका.

परवानग्या आणि घड्याळ

सेट कमांड दिल्यावर ‘नॉट ऑथराइज्ड’ आलं तर ते चांगलंच लक्षण आहे. कमांड सिक्युरिटी चालू असलेल्या रीजनमध्ये आरएसीएफ या सुरक्षा प्रणालीच्या सीसीआयसीएससीएमडी क्लासमध्ये ‘मॉनिटर’ आणि ‘स्टॅटिस्टिक्स’ ही नावं असतात. इन्क्वायरला रीड पुरतो, सेटला अपडेट लागतो. नवीन माणसाने फक्त रीड मागावा. पायरी १ मधला ओव्हरटाइपचा धोका त्याने आपोआप टळतो.

पुण्यात बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा रीजन बघत असाल तर वेळेचा गोंधळ ठरलेला. परफॉर्मन्स रेकॉर्डमधली सुरुवात-शेवटाची वेळ जीएमटीत असते. एसएमएफ हेडरमधली वेळ त्या सिस्टिमची स्थानिक असते, आणि तीही ट्रान्झॅक्शनची नव्हे तर बफर एसएमएफला दिला त्या क्षणाची. म्हणून दोन ते सव्वादोनचा डेटा हवा असेल तर डंप घेताना पुढे-मागे थोडा जास्त वेळ धरा आणि नंतर टास्कच्या सुरुवातीच्या वेळेवर गाळा. एंड-ऑफ-डे तिथल्या मध्यरात्री असेल तर आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये हे बदलतं, तेव्हा शिफ्टच्या चेकलिस्टमधली वेळही बदलून घ्या.

बदल केलाच तर तिकिटात तीन गोष्टी टाका: सेट करण्याआधीची स्क्रीन, नंतरची स्क्रीन (दोन्हींत ॲप्लआयडी दिसला पाहिजे) आणि वेळ, ‘जीएमटी’ असं स्पष्ट लिहून. तपासासाठी रिसोर्स क्लास चालू केला असेल तर तो कोण आणि कधी बंद करणार तेही त्याच तिकिटात लिहा, कारण पुढच्या शिफ्टला सीईएमटीच्या स्क्रीनवर फक्त ‘रिसर्स’ दिसतं, ते कोणी आणि कशासाठी लावलं हे दिसत नाही.